प्रारणरोधी सूक्ष्मजंतू

क्ष-किरण, गॅमा किरण, वेगवान इलेक्ट्रॉन इ. आयनीकारक प्रारणाच्या (अणूंतील इलेक्ट्रॉन अलग करून त्यांना विद्युत् भारित करणाऱ्या तरंगरूपी वा कणरूपी ऊर्जेच्या) ज्या मात्रेने इतर बहुतेक सर्व सजीव मरतात, ती मात्रा सहन करून पुन्हा पूर्ववत वाढू लागणाऱ्या सूक्ष्मजंतूंना प्रारणरोधी सूक्ष्मजंतू म्हणतात. प्रारणाची शोषित मात्रा ग्रे या एककात मोजतात (एक ग्रे म्हणजे प्रतिकिलोग्रॅम द्रव्यात शोषली गेलेली एक जूल ऊर्जा, जुन्या पद्धतीतील १०० रॅड). संपूर्ण शरीरावर एकदम पडलेली ४ ते ५ ग्रे मात्रा उपचारांअभावी माणसास बहुधा प्राणघातक ठरते. मानवाच्या आतड्यात राहणाऱ्या एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूची संख्या दर २०० ते ३०० ग्रे मात्रेमागे एक दशांशावर येते. याउलट डायनोकॉकस रेडिओड्युरान्स हा सूक्ष्मजंतू ५,००० ग्रे मात्रेनंतरही जवळजवळ जसाच्या तसा जिवंत राहतो. या सूक्ष्मजंतूंचा शोध अन्नपदार्थ टिकविण्याच्या प्रयोगांतून, म्हणजे काहीसा अनपेक्षितपणे लागला. या शोधाच्या इतिहासात मुंबईजवळील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील संशोधनाला व बोंबील या मासळीला स्वतःचे असे स्थान आहे.

पार्श्वभूमी : व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा आणि आंरी बेक्रेल यांनी १८९६ मध्ये युरेनियमाच्या किरणोत्सर्गाचा शोध लावला. हे किरण सजीवांना अपायकारक आहेत हे थोड्याच वर्षांत लक्षात आले. क्ष-किरणांमुळे आनुवंशिक लक्षणांत कायमचे बदल (उत्परिवर्तने) घडून येतात, हे अमेरिकन शास्त्रज्ञ एच. जे. म्यूलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवरील प्रयोगांनी दाखवून दिले. ब्रिटिश शास्त्रज्ञ डी. ई. ली यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘लक्ष्य सिद्धांता’ची सविस्तर मांडणी केली. या सिद्धांतानुसार कोशिकेत (पेशीत) एखादे नाजूक लक्ष्य असते व त्यावर प्रारणाचा आघात झाला की कोशिका मरते. हे लक्ष्य म्हणजे आनुवंशिक माहिती साठविणारे डीएनए (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल) होय, हा समज पुढे दृढ झाला.

प्रारणाचा परिणाम दोन प्रकारे होतो. एक तर ऊर्जा थेट डीएनएच्या रेणूत शोषली जाऊन त्याचे बंध तुटतात. दुसरा प्रकार अप्रत्यक्ष असतो. कोशिकेत पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने प्रारणाची बरीचशी ऊर्जा पाण्यात शोषली जाते आणि हायड्रॉक्सिल यासारखे अत्यंत विक्रियाशील मुक्त मूलक तयार होतात. हे मूलक डीएनए, प्रथिने व पटलांतील मेदे यांवर हल्ला करतात. डीएनएच्या दुपेडी रेणूचा एकच पेड तुटला, तर दुसऱ्या पेडाच्या आधारे तो सहज सांधता येतो. पण समोरासमोरचे दोन्ही पेड तुटले की रेणूचे दोन तुकडे होतात आणि दुरुस्तीस लागणारा नमुनाच त्या जागी उरत नाही. असे मोजके दुपेडी तुटणेही बहुसंख्य सूक्ष्मजंतूंना मारक ठरते.

सर्व सूक्ष्मजंतू सारख्याच मात्रेने मरत नाहीत, हेही पूर्वीच ज्ञात झाले होते. एव्हलिन विट्किन या अमेरिकन विदुषींनी १९४६ मध्ये एश्चेरिकिया कोलाय याचा जंबुपार (अतिनील) किरण व क्ष-किरण या दोहोंस अधिक रोध करणारा उत्परिवर्ती प्रकार वर्णिला. तथापि हा रोध मूळ प्रकाराच्या काही पटींपुरताच मर्यादित होता. हजारो ग्रे मात्रा पचविणाऱ्या सजीवाची त्या वेळी कोणास कल्पना नव्हती.

पहिला शोध : दुसऱ्या महायुद्धानंतर अणुभट्ट्यांमुळे कोबाल्ट (६०) यासारखे गॅमा किरणांचे तीव्र उद्‌गम उपलब्ध झाले. उष्णता न देता अन्न निर्जंतुक करण्यासाठी त्यांचा उपयोग होईल, अशी अपेक्षा निर्माण झाली. डबाबंद अन्नातील सर्वांत भयावह सूक्ष्मजंतू म्हणजे विषारी द्रव्य निर्माण करणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा होय. त्याचे बीजाणू (प्रतिकूल परिस्थितीत तग धरणारी सुप्तावस्थेतील रूपे) उष्णतेला दाद देत नाहीत. त्यामुळे प्रारणाच्या बाबतीतही बीजाणूच सर्वांत चिवट ठरतील आणि ते मेले की बाकी सर्व मेलेच, असे गृहीत धरण्यात आले होते.

हे गृहीत १९५६ मध्ये कोसळले. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील कॉर्व्हॅलिस येथील कृषी प्रयोग केंद्रात ए. डब्ल्यू. अँडरसन व त्यांचे सहकारी मांसाच्या डब्यांवर गॅमा किरणांचे प्रयोग करीत होते. निर्जंतुकीकरणास पुरेशी मानलेली मात्रा देऊनही काही डब्यांतील मांस बिघडले. त्या मांसातून त्यांनी तांबूस रंगाचा, गोलाकार कोशिकांचा एक सूक्ष्मजंतू अलग केला. तो बीजाणू तयार करीत नव्हता व उष्णतेने सहज मरत होता; तरीही प्रारणाला त्याचा रोध बीजाणूंहून कितीतरी अधिक होता. त्यास त्यांनी मायक्रोकॉकस रेडिओड्युरान्स (‘प्रारणात टिकून राहणारा’) असे नाव दिले. उष्णतेस होणारा रोध व प्रारणास होणारा रोध या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हा या घटनेचा पहिला धडा होता. हॅडॉक या मासळीच्या किरणित (प्रारणाचा मारा केलेल्या) ऊतकातून असाच आणखी एक गोलाणू सापडल्याचे वृत्त १९६३ मध्ये अमेरिकेतूनच प्रसिद्ध झाले.

तुर्भे येथील शोध : ज्या वर्षी मायक्रोकॉकस रेडिओड्युरान्स याचे वर्णन प्रसिद्ध झाले, त्याच १९५६ साली ऑगस्टच्या ४ तारखेस तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही भारतातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. तेथील अणुऊर्जा आस्थापनेस १९६७ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले. अणुऊर्जेचे शांततामय उपयोग शोधताना या केंद्राने अन्नरक्षणाचा विषय आरंभापासून हाती घेतला होता. कारण कांद्यास मोड येणे, धान्यास कीड लागणे व मासळी नासणे यांमुळे देशात होणारी हानी मोठी होती.

अरबी समुद्राच्या मुंबई–गुजरात किनाऱ्यावर विपुल मिळणारा बोंबील (हार्पोडॉन नेहेरियस) हा या दृष्टीने एक कठीण प्रश्न होता. त्याच्या मऊ शरीरात पाण्याचे प्रमाण फार असल्यामुळे पकडल्यानंतर तो अल्पावधीत नासू लागतो. हंगामात त्याची आवक एकदम होते आणि ताजा विकला न गेलेला माल कोळी लोक बांबूंच्या मांडवावर जोडीजोडीने टांगून उन्हात वाळवितात. प्रारणाची मर्यादित मात्रा देऊन तो बर्फात अधिक दिवस ताजा ठेवता येईल काय, याचा अभ्यास भाभा अणुसंशोधन केंद्रात चालू झाला.

या अभ्यासात केंद्राच्या जीवरसायन व अन्न तंत्रविद्या विभागातील एन. एफ. लेविस यांना किरणित बोंबिलात एक रंगीत गोलाणू जिवंत राहिलेला आढळला. त्याचे वर्णन त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९७३ मध्ये त्यास मायक्रोकॉकस रेडिओफिलस या नव्या जातीचा दर्जा दिला. या नावाचा शब्दशः अर्थ ‘प्रारणप्रिय’ असा होतो. परंतु त्यावरून या सूक्ष्मजंतूस वाढीसाठी प्रारणाची गरज असते, असा समज करून घेणे योग्य नाही. प्रारण त्याला लाभदायक नसून केवळ सुसह्य आहे. इतर सूक्ष्मजंतू मेल्यावर तो मागे उरतो, म्हणूनच तो नजरेस पडतो.

लेविस आणि यू. एस. कुमटा यांनी १९७२ मध्ये हा सूक्ष्मजंतू जंबुपार किरणांनाही विलक्षण रोध करतो, असे दाखवून दिले. त्याच्या कोशिकांत कॅरोटिनॉइड वर्गातील रंगद्रव्ये असतात. रंग आणि रोध सोबत आढळत असल्याने रंगद्रव्यच कोशिकेचे ढालीप्रमाणे रक्षण करीत असावे, असे अनुमान त्या काळी सहज सुचण्यासारखे होते. तुर्भे येथील संशोधकांनी प्रारणरोधी गोलाणूंतील या द्रव्यांच्या कार्याची तपासणी करून १९७४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरनिराळ्या देशांत झालेल्या पुढील अभ्यासांवरून रंगद्रव्यांचा वाटा गौण असल्याचे स्पष्ट झाले. रंगद्रव्य तयार करू न शकणारे उत्परिवर्ती प्रकारही बव्हंशी प्रारणरोधी राहतात. अर्थात या रोधाचे कारण कोशिकेच्या रंगात नसून तिच्या अंतर्गत व्यवहारात शोधावे लागणार होते.

वर्गीकरण : हे सर्व गोलाणू प्रथम मायक्रोकॉकस या वंशात घालण्यात आले होते, कारण ते गोल असून ग्रॅम रंजनक्रियेत (सूक्ष्मजंतू ओळखण्याच्या एका रंगविण्याच्या पद्धतीत) रंग धरून ठेवतात. तथापि कॅनडातील आर. जी. ई. मरी व त्यांचे सहकारी यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली यांची कोशिकाभित्ती अनेक थरांची व अगदी निराळी दिसली; तिच्यातील मेदेही वेगळी होती. बी. डब्ल्यू. ब्रुक्स आणि मरी यांनी १९८१ मध्ये त्यांच्यासाठी डायनोकॉकस (ग्रीक ‘डायनॉस’ म्हणजे विलक्षण किंवा भयंकर) हा नवा वंश स्थापन केला. मांसातील रेडिओड्युरान्स, हॅडॉक मासळीतील रेडिओप्युग्नान्स, लामा या प्राण्याच्या विष्ठेतील प्रोटिओलिटिकस व बोंबिलातील रेडिओफिलस या जातींचा त्यात समावेश झाला. अशा रीतीने तुर्भे येथील जातीचे नाव डायनोकॉकस रेडिओफिलस असे झाले. रिबोसोमी आरएनएच्या तुलनेवरून या वंशाचे सर्वांत जवळचे नाते उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या थर्मस या वंशाशी असल्याचे पुढे आढळून आले.

त्यानंतर या वंशात अनेक जातींची भर पडली. पश्चिम बंगालमधील आर्सेनिकयुक्त भूजलातून मिळालेली डायनोकॉकस इंडिकस (२००४) ही त्यांपैकी एक होय. प्रारणरोध हा केवळ याच वंशाचा विशेष नाही. जपानमधील किरणोत्सर्गी उष्ण झऱ्यातून १९७३ मध्ये वर्णिलेला व हल्ली रुब्रोबॅक्टर वंशात गणला जाणारा रेडिओटॉलरन्स हा सूक्ष्मजंतू, तसेच समुद्रतळावरील उष्णोदक विवरातून मिळालेला थर्मोकॉकस गॅमाटॉलरन्स (२००३) हा आर्किया गटातील सूक्ष्मजीव यांचा रोधही असाच तीव्र आहे. एकमेकांशी दूरचेच नाते असलेल्या गटांत हा गुण आढळतो, यावरून तो क्रमविकासात (उत्क्रांतीत) एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाला असावा, असे दिसते.

दुरुस्तीची यंत्रणा : डायनोकॉकस याचे डीएनए प्रारणाने तुटतच नसावे, अशी एक शंका आरंभी घेतली जात असे, पण ती खरी ठरली नाही. सारख्या मात्रेने या सूक्ष्मजंतूच्या व प्रारणसंवेदी सूक्ष्मजंतूंच्या डीएनएत जवळजवळ सारख्याच प्रमाणात दुपेडी तुटणे घडते. सु. ७,००० ग्रे मात्रेनंतर डायनोकॉकस याच्या जीनसंचाच्या (कोशिकेतील संपूर्ण आनुवंशिक सामग्रीच्या) प्रत्येक प्रतीचे शंभराहून अधिक तुकडे होतात. फरक पुढच्या काही तासांत पडतो. संवेदी कोशिका त्या अवस्थेतच नाश पावतात. डायनोकॉकस मात्र वाढ थांबवून खराब झालेले अंश बाहेर टाकतो, तुकडे पुन्हा योग्य क्रमाने जोडतो आणि मगच विभाजनास आरंभ करतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ बी. ई. बी. मोझली यांनी १९६० नंतरच्या काळात दुरुस्तीची क्षमता गमावलेले उत्परिवर्ती प्रकार मिळवून या प्रश्नाचा पाया घातला. अमेरिकेतील जीनसंच संशोधन संस्थेने ओ. व्हाइट यांच्या नेतृत्वाखाली १९९९ मध्ये डायनोकॉकस रेडिओड्युरान्स याच्या डीएनएचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला. त्यात दोन गुणसूत्रे व दोन लहान वर्तुळाकार घटक मिळून सु. ३२·८ लक्ष क्षारक जोड्या आढळल्या. मात्र दुरुस्तीच्या एंझाइमांची (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणाऱ्या प्रथिनांची) यादी इतर सूक्ष्मजंतूंच्या यादीहून फारशी वेगळी किंवा मोठी निघाली नाही. हा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. साधने बहुतांशी तीच असताना काम इतके निराळे कसे होते, असा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर पॅरिस येथील मिरोस्लाव्ह रादमान, क्सेनिया झाहराड्का व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये दिले. डायनोकॉकस याच्या कोशिकेत जीनसंचाच्या एकाच वेळी ४ ते १० प्रती असतात. प्रारणाचे आघात यदृच्छेने होत असल्याने प्रत्येक प्रत वेगवेगळ्या जागी तुटते. एकाच पोथीच्या पाचसहा प्रती निरनिराळ्या ठिकाणी फाटल्या, तर एका प्रतीतील तुकड्याची कड दुसऱ्या प्रतीतील तुकड्याच्या मध्यभागी सलग सापडते आणि तिच्या आधारे मूळ पाठ जुळविता येतो. तसेच येथे घडते. तुकड्याच्या टोकाचा एक पेड दुसऱ्या प्रतीतील जुळत्या भागाचा नमुना घेऊन लांबत जातो. अशा रीतीने लांबलेले व परस्परांस पूरक असणारे पेड एकमेकांस चिकटून मोठे तुकडे बनतात. अखेरीस रेक-ए या प्रथिनाच्या साहाय्याने या मोठ्या तुकड्यांतून अखंड वर्तुळाकार गुणसूत्रे सिद्ध होतात. अनुकूल परिस्थितीत हे सर्व काम थोड्याच तासांत पुरे होते. तुकड्यांच्या टोकांचे रक्षण करणारी व प्रारणानंतर मुद्दाम अधिक प्रमाणात निर्माण होणारी काही प्रथिने डायनोकॉकस याची स्वतःची, म्हणजे अन्य सूक्ष्मजंतूंत न आढळणारी आहेत.

केवळ अनेक प्रती असणे मात्र पुरेसे नाही; कारण प्रारणसंवेदी असणाऱ्या कित्येक सूक्ष्मजंतूंतही वाढीच्या काळात जीनसंचाच्या अनेक प्रती असतात. अमेरिकन शास्त्रज्ञ मायकेल डेली व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधले. प्रारणरोधी सूक्ष्मजंतूंत लोहाच्या तुलनेत मँगॅनीज या धातूचे प्रमाण पुष्कळ अधिक असते, तर संवेदी सूक्ष्मजंतूंत ते फार कमी असते. शेवॉनेला ऑनिडेन्सिस हा लोहाने समृद्ध असलेला सूक्ष्मजंतू तर डीएनएची फारशी मोडतोड न करणाऱ्या मात्रेनेच मरतो. डेली यांच्या २००७ मधील प्रतिपादनानुसार मँगॅनिजाची लहान रेणूंशी झालेली संयुगे मुक्त मूलकांचा नाश करून प्रथिनांना ऑक्सिडीभवनापासून वाचवितात. दुरुस्ती करणारी एंझाइमेच शाबूत राहिली, तर तुटलेले डीएनए सांधणे शक्य होते. ती निकामी झाली, तर थोडी हानीही भरून येत नाही.

या मताने अर्धशतकाहून अधिक काळ रूढ असलेल्या लक्ष्य सिद्धांतालाच आव्हान दिले. डीएनए हे प्रारणाचे एकमेव निर्णायक लक्ष्य आहे की प्रथिनांची हानी हीच कोशिकेच्या मृत्यूचे आधीचे कारण आहे, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. दोन्ही बाजूंचा पुरावा विचारात घेता प्रथिनांचे रक्षण व डीएनएची कार्यक्षम दुरुस्ती या एकमेकींस पूरक गोष्टी आहेत, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

रोधाचे मूळ : पृथ्वीवर नैसर्गिक प्रारणाची मात्रा प्रतिवर्षी साधारणतः काही मिलिग्रे इतकीच असते. केरळच्या किनाऱ्यावरील मोनॅझाइटयुक्त वाळूसारख्या ठिकाणी ती बरीच अधिक असते. परंतु ती प्रतिवर्षी ५० मिलिग्रे धरली, तरी ५,००० ग्रे साठण्यास एक लाख वर्षे लागतील. तेव्हा नैसर्गिक निवडीने प्रारणरोध निर्माण व्हावा, अशी परिस्थिती पृथ्वीवर कोठेही नाही. व्ही. मॅटिमोर व जॉन बॅटिस्टा या अमेरिकन संशोधकांनी १९९६ मध्ये या कोड्याचा उलगडा सुचविला. डायनोकॉकस याचे जे उत्परिवर्ती प्रकार प्रारणाने मरतात, ते कोरडे पडल्यानेही मरतात, असे त्यांना दिसून आले. दीर्घकाळ शुष्क राहिल्यानेही डीएनएचे तुकडे होतात. म्हणजे हा सूक्ष्मजंतू वस्तुतः दुष्काळाशी जुळवून घेणारा असून प्रारणरोध हा त्या गुणाचा आनुषंगिक लाभ होय. वाळवंटातील मातीतून अनेक प्रारणरोधी जाती मिळाल्या आहेत, ही गोष्ट या उपपत्तीस अनुकूल आहे.

मुंबईतील पुढील संशोधन : भाभा अणुसंशोधन केंद्रात या सूक्ष्मजंतूंचा अभ्यास रेण्वीय जीवविज्ञानाच्या साधनांनी पुढे चालू राहिला. हरि शरण मिश्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पायरोलोक्विनोलीन क्विनोन या संयुगाकडे लक्ष दिले. हे संयुग निर्माण करण्याची क्षमता नाहीशी केल्यास डायनोकॉकस गॅमा किरण व शुष्कता या दोहोंस कमी रोध करतो आणि त्याच्या डीएनएची दुरुस्ती रेंगाळते, असे त्यांनी २००८ मध्ये दाखविले. या संयुगाने चेतविले जाणारे व डीएनएच्या हानीची वर्दी इतर प्रथिनांपर्यंत पोचविणारे एक पटलस्थित एंझाइमही (२०१०) त्यांनी ओळखले. भक्ती बसू व श्रीकुमार आपटे यांनी गॅमा किरणांच्या माऱ्यानंतर कोणती प्रथिने कोणत्या वेळी निर्माण होतात, याचा आलेख २०१२ मध्ये मांडला. तीत डीएनएची दुरुस्ती व ऑक्सिडीभवनाचे निवारण करणारी प्रथिने प्रामुख्याने आढळली. भातशेतीत नायट्रोजनाचे स्थिरीकरण करणाऱ्या ॲनाबीना या नील-हरित शैवलाच्या काही प्रकारांतही असाधारण प्रारणरोध असल्याचे याच केंद्रात दिसून आले (२०१०).

आणवीय उद्योगातील द्रव अपशिष्टातून युरेनियम वेगळे करणे, हा या संशोधनाचा व्यावहारिक भाग होय. सामान्य सूक्ष्मजंतू धातू गोळा करू शकले, तरी किरणोत्सर्गी द्रवात टिकत नाहीत. दीप्ती अप्पुकुट्टन, ए. एस. राव व आपटे यांनी साल्मोनेला या सूक्ष्मजंतूतील फॉस्फेटेज एंझाइमाचा जीन डायनोकॉकस रेडिओड्युरान्स यात घालून २००६ मध्ये एक नवा प्रकार सिद्ध केला. हे एंझाइम कार्बनी फॉस्फेटातून फॉस्फेट मुक्त करते व ते युरेनियमाशी संयोग पावून अविद्राव्य साका तयार होतो. प्रतिलिटर ०·८ मिलिमोल युरेनिल नायट्रेट असलेल्या विद्रावातील ९० टक्क्यांहून अधिक युरेनियम या प्रकाराने ६ तासांत खाली बसविले आणि ६,००० ग्रे मात्रेनंतरही त्याची ही क्षमता कायम राहिली. अल्कधर्मी विद्रावासाठी स्फिंगोमोनस या वंशातील दुसऱ्या एका फॉस्फेटेजाचा शोध त्याच गटाने २००८ मध्ये लावला. अमेरिकेत २००० मध्ये पारायुक्त अपशिष्टासाठी असाच प्रयत्न झाला होता. तथापि जीन बदललेले सूक्ष्मजंतू उघड्या परिसरात सोडणे सुरक्षित आहे काय, हा प्रश्न नाजूक असल्याने हे कार्य मुख्यत्वे प्रयोगशाळेच्या कक्षेतच राहिले आहे.

निर्जंतुकीकरण व अन्नसुरक्षा : प्रारणरोधी सूक्ष्मजंतूंच्या शोधाने एक व्यावहारिक शंका उपस्थित केली. गॅमा किरणांनी वस्तू निर्जंतुक होते, असे म्हणावयाचे आणि त्याच वेळी त्यांतून वाचणारे सूक्ष्मजंतूही आहेत असे म्हणावयाचे, यांचा मेळ कसा घालावयाचा? तुर्भे येथे १९७४ मध्ये ‘आयसोमेड’ हे वैद्यकीय साहित्याच्या निर्जंतुकीकरणाचे संयंत्र उभारण्यात आले. अंतःक्षेपणाच्या पिचकाऱ्या, शस्त्रक्रियेचे धागे, मलमपट्ट्या इत्यादींना सामान्यतः २५ किलोग्रे मात्रा देतात. ही मात्रा ठरविताना वस्तूवर आधी असणाऱ्या सूक्ष्मजंतूंची संख्या व त्यांचा रोध या दोन्हींचा हिशोब केला जातो. स्वच्छ परिस्थितीत तयार केलेल्या वस्तूवर सूक्ष्मजंतू मुळातच थोडे असतात व त्यांत डायनोकॉकस क्वचितच असतो. शिवाय त्याचा रोधही अमर्याद नाही. मात्रा वाढवीत गेल्यास तोही मरतो.

अन्नाच्या बाबतीत संपूर्ण निर्जंतुकीकरण हा बहुधा हेतूच नसतो. कांद्यास मोड येऊ नयेत म्हणून ०·१ किलोग्रेपेक्षाही कमी मात्रा पुरते. ताज्या मासळीचा टिकाऊपणा वाढविण्यास १ ते ३ किलोग्रे, तर मसाल्यांतील सूक्ष्मजंतू कमी करण्यास त्याहून अधिक मात्रा लागते. अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरण व जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ञ समितीने १० किलोग्रेपर्यंत सरासरी मात्रा दिलेले अन्न निर्धोक असल्याचा निर्वाळा १९८० मध्ये दिला. भारत सरकारने १९९४ मध्ये कांदा, बटाटा व मसाले यांच्या किरणनास अनुमती दिली. वाशी (नवी मुंबई) येथे २००० मध्ये मसाल्यांसाठी आणि लासलगाव (जि. नाशिक) येथे २००२ मध्ये ‘कृषक’ हे संयंत्र सुरू झाले. लासलगाव येथे प्रक्रिया केलेल्या आंब्यांची अमेरिकेस निर्यात २००७ मध्ये सुरू झाली.

डायनोकॉकस वंशातील प्रारणरोधी जाती रोगकारक नाहीत; त्या उष्णतेने मरतात, म्हणजे अन्न शिजविले की उरत नाहीत. मात्र प्रारणाचा वारंवार मारा करून वाचलेल्या कोशिका पुन्हा वाढविल्यास संवेदी सूक्ष्मजंतूंचेही रोधी प्रकार निवडले जाऊ शकतात. डी. आर. हॅरिस, मायकेल कॉक्स, बॅटिस्टा व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये एश्चेरिकिया कोलाय यावर अशी २० आवर्तने करून अत्यंत रोधी प्रकार मिळविले. प्रत्यक्षात अन्नास मात्रा एकदाच देतात. पुन्हा पुन्हा किरणन करण्यास नियमांनी मनाई आहे, त्यामागील एक कारण हेही आहे. स्वच्छता, शीतगृह व योग्य वेष्टन यांची जागा प्रारण घेऊ शकत नाही. बोंबिलावरील मूळ प्रयोगांचाही हाच निष्कर्ष म्हणता येईल. मासळी प्रथमपासून बर्फात नसेल, तर किरणनाचा लाभ मिळत नाही.

अवकाशातील शक्यता : प्रारण व शुष्कता या दोन्ही गोष्टी अवकाशात एकत्र असल्याने जीवाचा एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर प्रवास शक्य आहे काय, या चर्चेत या सूक्ष्मजंतूंचा उल्लेख नेहमी येतो. हैदराबाद येथून २००५ मध्ये सोडलेल्या बलूनने स्थितांबरातील हवेचे नमुने आणले. त्यांतून हैदराबाद येथील कोशिकीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्र आणि पुणे येथील राष्ट्रीय कोशिकाविज्ञान केंद्र यांनी जंबुपार किरणांना रोध करणाऱ्या तीन नव्या जाती वर्णिल्या (२००९). त्यांना जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस व बॅसिलस आर्यभट्टाय अशी नावे देण्यात आली. त्या पृथ्वीबाहेरून आल्या, असा निष्कर्ष मात्र त्यावरून निघत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेरील बाजूस जपानी संशोधकांनी २०१५ ते २०१८ या काळात डायनोकॉकस याच्या शुष्क कोशिकांचे थर ठेवले होते. अर्धा मिलिमीटर वा अधिक जाडीच्या थरांतील बाहेरच्या कोशिका मेल्या, पण त्यांच्या आच्छादनाखालील कोशिका तीन वर्षांनंतरही जिवंत निघाल्या (२०२०). या कोशिका पृथ्वीवर परत आणून पोषक माध्यमात ठेवल्यावर त्यांनी आपल्या डीएनएची दुरुस्ती करून पुन्हा विभाजनास आरंभ केला.